टँकर, मुखवटा आणि राजकारण
बंगळुरूच्या सर्जापूर रोडवरील आमच्या वसाहतीच्या फाटकाशी टँकर रिकामा होत असता, गळक्या नळीखाली बादली धरून बसलेल्या माळ्याकडे पाहत, ‘भावेश जोशी सुपरहिरो’ (२०१८) या चित्रपटात राजकारण मुळीच नाही, असे माझे सोलापूरकर स्नेही छातीठोकपणे म्हणाले, तेव्हा मला हसू आवरेना. विक्रमादित्य मोटवानींचा हा नायक परग्रहावरील दैत्याशी नव्हे, तर मुंबईची जलवाहिनी फोडून टँकर भरणाऱ्या टोळीशी व तिला अभय देणाऱ्या पुढाऱ्याशी झुंजतो. कथेचा आरंभच मुळी २०११ च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनातला. आणि गंमत अशी, की त्यातला खलपुरुष साकारणाऱ्या निशिकांत कामतांनीच ‘डोंबिवली फास्ट’ या चित्रपटात (२००५) दिग्दर्शक म्हणून माधव आपटे या पापभीरू नोकरदाराला, मुखवट्यावाचूनच, व्यवस्थेच्या अंगावर धाडले होते! “निव्वळ करमणूक हो,” स्नेही पुटपुटले. इतक्यात टँकरवाल्याने दरवाढीची वर्दी दिली.