साठ रुपयांत बारा राशी!

पत्रिका जुळवून कंटाळलात? मग सरळ राशीच जमवा! इस्रायलनं १९६१ मध्ये राशींची तिकिटं काढली होती. आपल्या टपाल खात्यानं बारा राशींची बारा तिकिटं आणली १४ एप्रिल २०१० ला, म्हणजे ऐन मेष संक्रांतीच्या मुहूर्तावर. प्रत्येकी ५ रुपये, अख्खा सेट ६० रुपयांचा.

पण ‘माझं’ तिकीट कुठलं? धाराशिवला आमच्या घरी रास म्हणजे पत्रिकेतली चंद्ररास : कन्या. पुण्यात ऑफिसमध्ये मात्र जन्मतारखेवरून मी सिंह! आई एक म्हणते, मित्र दुसरंच. मी बाराही ठेवली, भांडण मिटलं.

तुम्हीही एकच रास उचलू नका, सेट फुटला की मजा गेली. आणि हो, तिकीट चिमट्यानं धरा, डिंकानं वहीत चिकटवू नका. ग्रह रुसले तर रुसोत, तिकीट खराब व्हायला नको!