मीटरवरचा आकडा आणि रस्त्यावरचे अंतर

मंडळी, विजेवर चालणारी मोटार आता मोठ्या शहरापुरती राहिलेली नाही. पुढेमागे तुमच्या गावातही कोणी तरी ती घेईल. नाहीतर एखाद्या लग्नाला, दवाखान्याला तुम्ही तिच्यात बसून जाल. अशा मोटारीच्या मीटरवर दोन आकडे दिसतात. एक टक्क्यांचा, बॅटरी किती भरलेली आहे ते तो सांगतो. दुसरा किलोमीटरचा; अजून किती अंतर जाता येईल ते तो सांगतो. या दुसऱ्या आकड्याबद्दल आज थोडे बोलायचे आहे. पेट्रोल संपले तर कोणी बाटलीतून आणून देईल. वीज बाटलीतून आणता येत नाही. रात्रीची वेळ, गाडीत दुखणाईत माणूस, आणि मीटरवरचा आकडा भराभर उतरू लागला, तर घरच्यांची काय अवस्था होईल याची कल्पना करा. म्हणून हा आकडा कोठून येतो आणि त्याच्यावर किती भिस्त ठेवावी, हे आधीच समजून घेतलेले बरे.

सुरुवात मापापासून करू. ज्वारी आपण क्विंटलने मोजतो, तशी वीज युनिटने मोजतात. महिन्याच्या बिलावर असते तेच हे युनिट. विहिरीवरचा ५ अश्वशक्तीचा पंप तासभर चालला की चार युनिटांच्या आसपास वीज खातो. आठ तासांत तीस-बत्तीस युनिटे होतात. आता टाटा मोटर्सची नेक्सॉन ईव्ही घ्या. जानेवारी २०२० मध्ये ती बाजारात आली, तेव्हा तिची बॅटरी ३०.२ युनिटांची होती. म्हणजे पंपाच्या एका पाळीला लागते साधारण तेवढीच वीज या मोटारीच्या पोटात मावते.

या मोटारीबरोबर ३१२ किलोमीटर हा आकडा जाहीर झाला होता. तो कोठून आला? पुण्याला वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे. गाड्यांची अधिकृत तपासणी तिथे होते. अंतराच्या तपासणीत मोटार रस्त्यावर नेत नाहीत, मोठ्या रोलरवर उभी करतात. चाके फिरतात, मोटार जागेवरच राहते. किती वेगाने चालवायची, कुठे थांबायचे, पुन्हा केव्हा निघायचे, याचे सुमारे वीस मिनिटांचे ठरलेले वेळापत्रक असते. त्यात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि सरासरी पडते ती जेमतेम तीस-पस्तीस. एसी बंद असतो. खड्डा नाही, घाट नाही, उलटा वारा नाही. अशा चालीवर मोटार एका युनिटात दहा किलोमीटरहून थोडी जास्त जाते. ३१२ ला ३०.२ ने भागून पाहा, हेच उत्तर येईल.

यावरून एक मोठा वादही झाला. दिल्लीतल्या एका ग्राहकाने तक्रार केली, की आपली गाडी एकदाही दोनशे किलोमीटरच्या पुढे गेली नाही. मार्च २०२१ मध्ये दिल्ली सरकारने या मोटारीवरचे अनुदान स्थगित केले. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने त्या आदेशालाच स्थगिती दिली. कंपनीचे म्हणणे असे होते, की आकडा अधिकृत तपासणीचा आहे आणि रस्त्यावरचे अंतर एसीवर व चालवण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. नीट पाहिले तर दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात. एक रोलरवरचा, दुसरा रस्त्यावरचा. रोलरवरचा आकडा दोन मोटारींची तुलना करायला चांगला, कारण दोघींची परीक्षा सारखीच झालेली असते. पण परभणीहून निघून कुठवर पोहोचू, हे त्यावरून ठरवू नये. २०२४ पासून ही कंपनी अधिकृत आकड्याबरोबर रस्त्यावरचा अपेक्षित आकडाही सांगू लागली. शंभरातल्या पंचाहत्तर ग्राहकांना मिळावा, असा तो आकडा असतो. आणि अधिकृत आकड्याच्या साधारण तीन-चतुर्थांश भरतो.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आपण हौसेने म्हणतो. त्या जर्मनीतही हीच अडचण होती. तपासणीचा आकडा आणि रस्त्याचा अनुभव यांत फार अंतर पडते म्हणून सगळ्या युरोपात २०१७ पासून जास्त कडक तपासणी लागू केली. तरीही थंडी आपले काम करतेच. नॉर्वेतल्या मोटार-महासंघाने २०२० च्या हिवाळ्यात वीसएक मोटारी बर्फाळ रस्त्यावर चालवून पाहिल्या, तेव्हा जाहीर अंतरापेक्षा सरासरी पाचवा हिस्सा कमी भरला. तिकडे थंडी वीज खाते, इकडे वैशाखातले ऊन खाते.

आता मीटरवरच्या आकड्याकडे येऊ. घरातली कणगी डोळ्यांपुढे आणा. कणगीत ज्वारी किती आहे, हा एक प्रश्न. ती किती दिवस पुरेल, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कणगीत आहे. दुसऱ्याचे उत्तर घरात खाणारी तोंडे किती, यात आहे. चार पाहुणे आले की तीच कणगी लवकर रिकामी होते. मोटारीचा टक्क्यांचा आकडा कणगीबद्दल बोलतो, किलोमीटरचा आकडा खाणाऱ्यांबद्दल. आणि उद्या पाहुणे येणार की नाहीत, हे मोटारीला ठाऊक नसते. ती फक्त मागचे पाहते. गेल्या काही किलोमीटरांत एका युनिटात किती अंतर कापले, त्याची सरासरी काढायची आणि शिल्लक युनिटांना तिने गुणायचे, असा तिचा सरळ हिशेब. कोणती गाडी थोडे मागचे पाहते, कोणती बरेच. काही नव्या गाड्या नकाशात घातलेला रस्ता आणि त्यातला चढ-उतारही जमेस धरतात. पण मूळ गोष्ट तीच: हा आकडा मोजलेला नसतो, काढलेला असतो. पिकाची पैसेवारी जशी आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम अशी जाहीर होते, तसे हे आहे. मीटरवरचे किलोमीटर म्हणजे नजरअंदाज पैसेवारी. अंतिम आकडा मुक्कामी पोहोचल्यावरच कळतो.

मग टक्क्यांचा आकडा तरी पक्का का? किलोमीटरपेक्षा पुष्कळ भरवशाचा, पण अगदी काट्याचा नव्हे. कणगीला खिडकी नसते, तशी बॅटरीलाही नसते. आत किती वीज गेली आणि बाहेर किती आली, याचा जमाखर्च गाडी ठेवते आणि बॅटरीच्या दाबावरून, म्हणजे व्होल्टेजवरून, तो ताडून पाहते. आपल्याकडच्या पुष्कळ मोटारींत लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या असतात. त्या टिकाऊ असतात, पण वीज बरीच संपली तरी त्यांचा दाब जवळजवळ तसाच राहतो. त्यामुळे दाबावरून शिल्लक ओळखणे अवघड जाते आणि जमाखर्चातली बारीक चूक साठत जाते. म्हणून अशी बॅटरी अधूनमधून पूर्ण १०० टक्के भरावी, म्हणजे खतावणी पुन्हा जुळते. किती दिवसांनी भरावी, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते.

आता विजेला खाणारे पाहुणे कोण, ते पाहू. पहिला वेग. मोटारीला वाऱ्याचा जो अडथळा होतो तो वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग ६० वरून ९० वर नेला, म्हणजे दीडपट केला, तर अडथळा दीडपट होत नाही. दीड गुणिले दीड, म्हणजे सव्वादोनपट होतो. पेट्रोलच्या गाडीला गावातल्या गर्दीत जास्त तेल लागते आणि मोठ्या रस्त्यावर कमी, हा आपला नेहमीचा अनुभव. विजेच्या मोटारीचे उलटे आहे. गर्दीत वेग कमी असतो, आणि ब्रेक लावताना चाकांच्या जोरावर थोडी वीज परत बॅटरीत येते. म्हणून गावात आकडा चांगला दिसतो आणि हमरस्त्यावर धाडकन उतरतो.

दुसरा पाहुणा एसी. तो अंतरावर नाही, वेळेवर खातो; तासाला साधारण एक ते दोन युनिटे. फाटकापाशी अर्धा तास गाडी उभी राहिली, तर किलोमीटर एकही झाला नाही तरी वीज जातच राहते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर जातो. तेव्हा माणसांबरोबर बॅटरीलाही थंड ठेवावे लागते, तिचाही खर्च यात येतो. तिसरा पाहुणा चढ. चार माणसांसह मोटार १०० मीटर उंच चढली तर सुमारे अर्धे युनिट नुसत्या चढाला लागते. उतारावर त्यातले काही परत मिळते, सगळे नाही. जिंतूरकडच्या डोंगराळ भागात जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. चौथे, चाकांतली हवा. ती कमी असेल तर गाडी ओढल्यासारखी चालते आणि वीज जास्त जाते. यावर उपाय सर्वांत स्वस्त आहे, आणि नेमका तोच आपण विसरतो.

आता हिशेब मांडून पाहू. समजा, ३० युनिटांची मोटार आहे. आठवडाभर ती परभणी शहरात आणि जवळच्या खेड्यांत सावकाश फिरली. एका युनिटात ७ किलोमीटर पडले. सकाळी बॅटरी पूर्ण भरली, मीटर म्हणाले २१०. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला नांदेडला मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचे आहे. जायला सुमारे ७५ किलोमीटर, जाऊन-येऊन १५०. माणूस म्हणतो, २१० तून १५० गेले, ६० उरले, काळजी कशाची? पण ऊन कडक, एसी चालू, घाई असल्यामुळे वेग ९०. एका युनिटात आता ५ किलोमीटरच पडतात. नांदेड येईतो १५ युनिटे गेली. बॅटरी ५० टक्के. मीटरनेही एव्हाना नवी चाल ओळखली. ते म्हणते, उरले ७५. आणि परत जायचे अंतर? तेही ७५. वाटेत काम चालू असेल, वळण घेऊन जावे लागले, वारा समोरून आला, तर गाडी परभणीच्या अलीकडेच उभी राहणार. सकाळची ती ६० किलोमीटरची शिल्लक कोणी चोरली नाही. ती मुळात नव्हतीच.

म्हणून निघताना हिशेब असा करावा. बॅटरीतला पाचवा हिस्सा, म्हणजे २० टक्के, बियाण्यासारखा बाजूला ठेवावा. त्याला हात लावायचा नाही. उरली २४ युनिटे. ज्या रस्त्याने, ज्या वेगाने जायचे त्याचा आपला दर घ्यावा, इथे ५. म्हणजे १२० किलोमीटर. प्रवास १५० चा, तेव्हा वाटेत किंवा नांदेडला वीज भरावीच लागेल, हे घरीच कळले. २५ किलोवॉटच्या जलद चार्जरवर १५ युनिटे भरायला साधारण पाऊण तास लागतो. तेवढ्यात डॉक्टरांची भेट होते. घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर मात्र पूर्ण बॅटरीला नऊ-दहा तास लागतात. त्यात रात्री वीज गेली तर बॅटरी अर्धवटच राहते. निघण्यापूर्वी चार्जर चालू आहे का, हे फोन करून विचारावे. आणि वाटेत आकडा अपेक्षेपेक्षा लवकर उतरू लागला तर पहिला उपाय तुमच्या पायाखालीच आहे: वेग ९० वरून ६० वर आणा. त्याने जेवढी वीज वाचते तेवढी दुसऱ्या कशाने वाचत नाही. मात्र टक्के अगदी तळाला गेल्यावर अनेक गाड्या आपण होऊनच जोर कमी करतात, म्हणून तोवर थांबू नये.

हा ‘आपला दर’ काढायचा कसा? गाडीत एक वही ठेवा. निघताना टक्के लिहा, पोहोचल्यावर टक्के लिहा, आणि किती किलोमीटर झाले ते लिहा. समजा, १०० चे ७० टक्के झाले. खर्च ३० टक्के. ३० युनिटांचे ३० टक्के म्हणजे ९ युनिटे. अंतर झाले ५४ किलोमीटर. ५४ भागिले ९, म्हणजे युनिटाला ६. गंगाखेडचा दर वेगळा येईल, जिंतूरचा वेगळा. उन्हाळ्याचा वेगळा, दिवाळीतला वेगळा. महिन्या-दोन महिन्यांत तुमच्याजवळ असे आकडे जमतील, जे कुठल्याही कंपनीच्या जाहिरातीत मिळणार नाहीत.

या वहीचा आणखी एक उपयोग आहे. बॅटरी वयाबरोबर हळूहळू कमी धरू लागते. २०२० च्या नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी होती. हमीच्या काळात बॅटरी खरोखर उतरली, की आपणच गाडी जोरात हाकत होतो, हा प्रश्न निघाला तर तोंडी तक्रारीपेक्षा तारीखवार लिहिलेली वही जास्त वजनदार ठरते. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही अशी वही असली तर जरूर मागून पाहावी.

शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. सातवी-आठवीच्या मुलांना शेकडेवारी, वर्ग आणि सरासरी शिकवताना हे उदाहरण घ्या. वर्गात गाडी असायला हवी असे नाही. ७ चा दर धरून काढलेले २१० आणि ५ चा दर धरून काढलेले १५० फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा आणि विचारा, बॅटरी तीच, मग ६० किलोमीटर गेले कुठे? सरासरी ही कालची गोष्ट सांगते, उद्याची नाही, हे मुले आपण होऊन सांगतील. पावसाची सरासरी, पिकाचा उतारा, बाजारातला भाव, सगळीकडे हीच समज पुढे उपयोगी पडते.

शेवटी एवढेच. मीटरवरचे किलोमीटर जरूर पाहावेत, पण प्रवास ठरवावा तो टक्क्यांवर, आपल्या वहीतल्या दरावर आणि राखून ठेवलेल्या पाचव्या हिश्श्यावर. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे वडीलधारी सांगत आले आहेत. विजेच्या मोटारीत अंथरुणाची लांबी वेगाप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलते, तेव्हा ते निघण्याआधी दर वेळी मोजून घ्यावे.