मालवाहतुकीची उतरंड : चालक, संघटना आणि उपकंत्राट

उपकंत्राट म्हणजे काय

माल पोहोचवण्याची जबाबदारी घेतलेल्याने ते काम स्वतःच्या गाडीने आणि स्वतःच्या चालकाकडून न करवता ठरावीक दराने दुसऱ्यावर सोपवले, की उपकंत्राट तयार होते. हा दुसरा तेच काम तिसऱ्याला देऊ शकतो. प्रत्येक पायरीवर दोन गोष्टी घडतात. भाड्यातला काही वाटा मागे राहतो आणि जबाबदारी एक पायरी खाली सरकते. शेवटी मालाचा धनी आणि स्टिअरिंग धरणारा चालक यांच्यात कोणताही करार उरत नाही. मालवाहतुकीतील कामगार संघटनेपुढचे बहुतेक प्रश्न यातूनच निघतात. चालकाच्या मागण्या पुऱ्या करण्याची ऐपत ज्याच्याकडे असते, तो त्याचा कायदेशीर मालक नसतो. जो कायदेशीर मालक असतो, त्याच्या हाती फारसे काही नसते.

कोल्हापुरातील साखळी

कोल्हापूर हे मुंबई–बंगळूर महामार्गावरचे मालाचे मोठे ठाणे आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल–हातकणंगले या औद्योगिक वसाहतींमधील कास्टिंग व यंत्रभाग, मार्केट यार्डातील गूळ, इचलकरंजीचे कापड आणि जिल्ह्यातील कारखान्यांची साखर हा येथून बाहेर जाणारा प्रमुख माल. कारखाना किंवा व्यापारी हे काम सामान्यतः ट्रान्सपोर्ट कंपनीला देतो. कंपनीच्या गाड्या कमी पडल्या, की ती दलालामार्फत बाजारातून गाडी घेते. ही गाडी बहुधा एकदोन ट्रक असलेल्या छोट्या मालकाची असते आणि तिच्यावर खेपेच्या हिशेबाने ठेवलेला चालक असतो. काही वेळा मालक स्वतःच गाडी चालवतो. बिल्टी म्हणजे मालाची वाहतूक-पावती ट्रान्सपोर्ट कंपनीच्या नावाची, नोंदणीपुस्तक मालकाच्या नावाचे आणि माल व्यापाऱ्याचा. या कागदपत्रांत चालकाच्या मजुरीची नोंद कुठेही नसते.

भाडे कसे वाटले जाते

ट्रकच्या भाड्यातून डिझेल, टोल, विमा, टायर आणि कर्जाचा हप्ता हे खर्च भागवावे लागतात. त्यांत मालकाला फारशी घासाघीस करता येत नाही. दलाली आधीच कापलेली असते. भाड्याचा काही भाग आगाऊ मिळतो आणि उरलेली रक्कम मालाची पोच परत आल्यावर, अनेकदा बऱ्याच विलंबाने. अशा हिशेबात मालकाच्या हाती उरणाऱ्या लवचीक बाबी दोनच : गाडीची देखभाल आणि चालकाचा मोबदला. त्यामुळे भाड्यावरचा ताण चालकाच्या तासांवर येतो. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत ट्रकचालक दिवसाला सरासरी सुमारे १२ तास गाडी चालवत असल्याचे दिसले. माल उतरण्याची वाट पाहण्यात जाणारा वेळ वेगळाच. त्याचा मोबदला चालकाला क्वचितच मिळतो.

वाराईचा वाद

माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीला या व्यवसायात वाराई म्हणतात. ती मालाच्या धन्याने द्यावी हे न्यायाला धरून आहे. प्रत्यक्षात ती अनेकदा ट्रकवाल्याच्या माथी मारली जाते आणि भाड्यातून वजा होते. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची घोषणा याच प्रथेविरुद्ध आहे आणि कोल्हापूरच्या लॉरी मालकांनीही ती उचलून धरली आहे. उपकंत्राटाच्या साखळीत खर्च कोणत्या दिशेने वाहतो, हे या वादातून स्पष्ट होते. करारात ज्याची बाजू कमजोर, त्याच्याकडे तो येऊन थांबतो.

मालकांची संघटना आणि चालकांची संघटना

मालवाहतुकीत ‘संघटना’ म्हटले की बहुधा वाहनमालकांची संघटना अभिप्रेत असते. जुलै २०१८ मध्ये ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसने पुकारलेला देशव्यापी चक्काजाम डिझेलचे दर, टोल आणि विमा या मालकांच्या प्रश्नांवर होता. जानेवारी २०२४ च्या आरंभीचे आंदोलन वेगळे होते. जीवघेणा अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला १० वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद करणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) विरुद्ध चालक स्वतः गाड्या सोडून उतरले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. त्यानंतर केंद्राने हे कलम तूर्त लागू न करण्याचे मान्य केले. चालकांकडे शक्ती आहे, हे त्या आंदोलनात सिद्ध झाले. मात्र सरकारशी वाटाघाटींना बसली ती वाहतूकदारांचीच संघटना, कारण चालकांच्या वतीने बोलणारी तेवढी व्यापक संस्था अस्तित्वात नव्हती. मालक आणि चालक यांचे हित टोल व डिझेलच्या बाबतीत जुळते. मजुरी, तास आणि भविष्यनिर्वाह निधी यांच्या बाबतीत ते जुळेलच असे नाही.

संघटित चालक : एस.टी.चे उदाहरण

चालकांची संघटना टिकते कुठे, याचे उत्तर राज्य परिवहन महामंडळात सापडते. तेथे मालक एक, आगार ठरलेले, वेतनश्रेणी समान. त्यामुळे संघटना उभ्या राहिल्या आणि वेतनकरार झाले. परंतु तेथेही काम बाहेर देण्याची वाट रुंदावली. २०१७ साली सुरू झालेल्या शिवशाही सेवेत महामंडळाच्या स्वतःच्या गाड्यांबरोबर भाडेतत्त्वावरील गाड्या आल्या. त्यांत बस आणि चालक खासगी कंत्राटदाराचा, वाहक मात्र एस.टी.चा. एकाच गाडीतील दोन कर्मचारी दोन वेगळ्या मालकांचे झाले. ऑक्टोबर २०२१ अखेर सुरू झालेला आणि एप्रिल २०२२ पर्यंत लांबलेला एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप महामंडळाच्या राज्य शासनातील विलीनीकरणाच्या मागणीसाठी होता. ती मागणी मान्य झाली नाही. आपला खरा मालक कोण आणि त्याची जबाबदारी किती, हा प्रश्न सरकारी महामंडळातील चालकालाही सुटलेला नाही.

उसाची वाहतूक

कोल्हापूरला उपकंत्राट सर्वांत जवळून परिचित आहे ते ऊस हंगामात. साखर कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार वाहनमालकाशी करतो आणि त्याला उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो. वाहनमालक त्यातून मुकादमाला उचल देतो. मुकादम बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांची टोळी आणतो. ट्रॅक्टरचा चालक वाहनमालकाचा माणूस असतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसदरातून वजा होतो, म्हणजे पैसा शेतकऱ्याचा, करार कारखान्याचा, जोखीम वाहनमालकाची आणि श्रम टोळीचे व चालकाचे. मुकादम उचल घेऊन आलाच नाही, तर वाहनमालक कर्जात बुडतो. अशा फसवणुकीच्या तक्रारी जिल्ह्यात वारंवार होतात. टोळीतील मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा निधी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे घेण्याचे ठरले. निधी टनाशी जोडल्यामुळे मजूर कोणत्या मुकादमाचा, हा प्रश्न गौण ठरतो. हे तत्त्व पुढे पुन्हा उपयोगी पडते.

घरपोच वस्तूंची नवी साखळी

ऑनलाइन खरेदीने शहरांतर्गत वाहतुकीत हीच उतरंड नव्या रूपात आणली. विक्रीचा मंच एकाचा, कुरिअर सेवा दुसऱ्याची, शहरातील वितरणकेंद्र तिसऱ्या कंत्राटदाराचे आणि दुचाकी स्वतःच्या खर्चाने चालवणारा तरुण चौथा. मोबदला बहुधा पोहोचवलेल्या पार्सलमागे मिळतो; पेट्रोल, दुरुस्ती आणि अपघाताची जोखीम त्याच्याकडेच राहते. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने २०२०-२१ मध्ये देशात असे कामागणिक मोबदला घेणारे ७७ लाख गिग कामगार असल्याचा आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २.३५ कोटींवर जाण्याचा अंदाज वर्तवला आहे.

अमेरिकेतील तुलना

संघटित आणि उपकंत्राटी चालक एकाच रस्त्यावर समोरासमोर आल्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अमेरिकेत दिसते. १९०३ साली स्थापन झालेली टीमस्टर्स ही तेथील वाहतूक कामगारांची संघटना. यू.पी.एस. या पार्सल कंपनीचे चालक कंपनीचेच कर्मचारी असल्याने १९९७ साली या संघटनेचे सुमारे १ लाख ८५ हजार कामगार १५ दिवसांचा संप करू शकले. बाहेर काम देण्यावर मर्यादा आणि पूर्णवेळ नोकऱ्या हे त्यातील मुद्दे होते. अ‍ॅमेझॉनने २०१८ पासून छोट्या स्वतंत्र कंत्राटदार कंपन्यांमार्फत वितरणाची पद्धत राबवली. गाडीवर आणि गणवेशावर नाव अ‍ॅमेझॉनचे, पगार कंत्राटदाराचा. २०२३ साली कॅलिफोर्नियातील पामडेल येथील अशा चालकांनी टीमस्टर्सचे सदस्यत्व घेतले, तेव्हा आपण त्यांचे मालक नाही, अशी कंपनीची भूमिका होती. पुढील वर्षी तेथील श्रमसंबंध मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाने अ‍ॅमेझॉनला सहमालक मानण्यास आधार आहे, असा प्राथमिक निष्कर्ष काढला. देश बदलला तरी वादाचा गाभा तोच राहतो.

मालक कोण : न्यायालयाची कसोटी

भारतीय न्यायालयांनी हा प्रश्न पूर्वीच हाताळला आहे. १९७८ च्या हुसेनभाई खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केले, की ज्याच्या हाती कामगाराच्या उपजीविकेवरचे आर्थिक नियंत्रण आहे तो खरा मालक. मध्ये कंत्राटदार उभा असला तरी पडद्यामागचे सत्य पाहिले पाहिजे. २००१ च्या स्टील अथॉरिटी खटल्यात घटनापीठाने मर्यादाही आखली. कंत्राटी पद्धतीवर बंदी आली म्हणून कामगार आपोआप मूळ कंपनीचा होत नाही. मात्र कंत्राट केवळ देखावा असल्याचे सिद्ध झाले, तर होतो. हे सिद्ध करण्याचा भार कामगारावर येतो. खेपेवर काम करणाऱ्या एकट्या चालकाला तो पेलणे जवळजवळ अशक्य असते.

कायद्याचे उंबरठे

कामगार कायदे बहुधा आस्थापनेतील संख्येवर लागू होतात. भविष्यनिर्वाह निधीसाठी २०, कर्मचारी राज्य विम्यासाठी १० कामगार लागतात. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा ५ कामगारांच्या आस्थापनेला लागू होता आणि दिवसाला ८, आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालत होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांमध्ये तो विलीन झाला आणि वाहतूक आस्थापनेसाठीचा उंबरठा १० वर गेला. एकदोन ट्रकांचा मालक जुन्या उंबरठ्याच्याही आत येत नव्हता. नव्याच्या तर नाहीच. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींत मूळ मालकाला वेतनाची अंतिम जबाबदारी घ्यावी लागते. पण चालकासह गाडी घेतली जाते तेव्हा तो व्यवहार मजुरीचा नव्हे, भाड्याचा म्हणून नोंदला जातो. याउलट मालाचे संरक्षण भक्कम आहे. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार माल गहाळ झाला किंवा बिघडला, तर नोंदणीकृत वाहतूकदार जबाबदार धरला जातो. गाडी बाजारातून घेतली म्हणून त्याची मालाविषयीची जबाबदारी संपत नाही. चालकाविषयीची मात्र सुरूच होत नाही.

माथाडी कायद्याचा मार्ग

याच ट्रकमध्ये पोती चढवणाऱ्या हमालासाठी महाराष्ट्राने वेगळा मार्ग काढला. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडी कामगारांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्यानुसार मालक आणि कामगार दोघांची नोंदणी माथाडी मंडळाकडे होते. मालक मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरतो. मंडळ कामगाराला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा आणि बोनस देते. हमालाने दिवसभरात कितीही व्यापाऱ्यांचे काम केले तरी त्याची नोंद एकच राहते. कायम मालक नसणे ही त्याच्या हक्काला अडचण ठरत नाही. नव्या श्रमसंहितांपैकी सामाजिक सुरक्षा संहितेनेही ऑनलाइन मंचांच्या कामगारांसाठी असेच तत्त्व स्वीकारले आहे : लॉजिस्टिक्ससह विविध सेवांच्या मंचचालकांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधीत द्यायची, कमाल मर्यादा कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्के. राजस्थानने २०२३ मध्ये आणि शेजारच्या कर्नाटकाने २०२५ मध्ये या कामगारांसाठी राज्याचे स्वतंत्र कायदे केले.

उपकंत्राटाचे उपयोग आणि मर्यादा

उपकंत्राट सर्वस्वी त्याज्य नाही. गुळाचा, साखरेचा किंवा सणासुदीचा हंगाम आला की मागणी वाढते. वर्षभर तेवढ्या गाड्या बाळगणे कोणालाच परवडत नाही. बाजारातून गाडी मिळण्याच्या सोयीमुळेच एका ट्रकचा मालक या धंद्यात उभा राहू शकतो आणि कालचा चालक आज मालक होऊ शकतो. दोष कामाच्या वाटणीत नाही; काम वाटताना जबाबदारी गाळून टाकण्यात आहे. माथाडी पद्धतीलाही मर्यादा आहेत. नोंदणी टाळणारे मालक, मंडळांतील अपुरे मनुष्यबळ आणि बनावट माथाडींची खंडणी या तक्रारी खऱ्या आहेत. शिवाय हमाल एका बाजारात काम करतो, तर ट्रकचालक एका खेपेत तीन राज्ये ओलांडतो. एका राज्याचे मंडळ त्याला पुरे पडणार नाही.

पुढील दिशा

तरीही मार्ग उपलब्ध आहे. एप्रिल २०१८ पासून ठरावीक मूल्यावरील मालाला ई-वे बिल लागते आणि त्यात गाडीचा क्रमांक असतो. त्याच नोंदीत चालकाचा असंघटित कामगार म्हणून असलेला ई-श्रम क्रमांक जोडला आणि भाड्यावर अल्प लेव्ही आकारली, तर साखळीत कितीही पायऱ्या असल्या तरी निधी चालकाच्या खात्यापर्यंत पोहोचू शकतो. लेव्हीचा भार मालाच्या धन्याने उचलावा, वाराईप्रमाणे तो खाली ढकलला जाऊ नये, ही यातील अट. यासाठी वाहनमालकांच्या संघटनांनी चालकांना वेगळे प्रतिनिधित्व दिले पाहिजे आणि कामगार संघटनांनी कारखान्याच्या दारापुरते मर्यादित न राहता मार्केट यार्ड, ट्रक टर्मिनल आणि वितरणकेंद्रे येथे सभासद नोंदवले पाहिजेत. पोते उचलणाऱ्याला १९६९ साली मिळालेले संरक्षण तेच पोते शेकडो किलोमीटर वाहून नेणाऱ्याला अद्याप मिळालेले नाही. ते देणे हे महाराष्ट्राचे राहिलेले काम आहे.