डिझेलच्या नळीतली वीज

रात्री बस आगारात शिरली की आधी डिझेल पंपाशी थांबते. कर्मचारी नळी टाकीत खुपसतो, मीटरवरचे आकडे भिरभिरतात आणि पाचेक मिनिटांत बस मागचीला जागा करून देते. यात नवल ते काय? हिशेब मांडून बघा.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचंच. नळीतून मिनिटाला ४० लिटर पडत असेल, तर मिनिटाला ४०० युनिट, तासाला २४,०००. म्हणजे २४ मेगावॉट! दीड टनाचे सोळा हजार एसी एकदम चालतील एवढी ऊर्जा त्या नळीतून वाहत असते आणि नळी धरणारा गडी शेजारच्याशी क्रिकेटच्या गप्पा मारत असतो.

इलेक्ट्रिक बसचा दमदार चार्जर २४० किलोवॉटचा. त्या एका नळीची बरोबरी करायची तर असे शंभर लागतील. तुलना जराशी अन्यायाची आहे, कारण डिझेलमधली निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता होऊनच वाया जाते. इलेक्ट्रिक मोटर काटकसरी. १६ टनांची बस ताशी ४० किलोमीटरवरून थांबते तेव्हा तिच्या वेगात पाव युनिटाहून थोडी जास्त ऊर्जा असते. डिझेल बसमध्ये ती ब्रेक तापवून संपते. इथे मोटरच जनरेटर होते आणि त्यातली बरीचशी बॅटरीत परत जाते. स्टॉपमागून स्टॉप घेणाऱ्या शहरी बसला हे वरदानच.

तरी चार्जिंगच्या वेळेचा पेच सुटत नाही. २५० युनिटांची बॅटरी २४० किलोवॉटवर तासाभरात भरायला हवी, पण भरत नाही. का, ते गर्दीच्या बसमध्ये चढून बघावं. रिकाम्या बसमध्ये माणसं भराभर बसतात. शेवटचे दहाजण चढताना कंडक्टरला ‘पुढे सरका, पुढे सरका’ ओरडावं लागतं. लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांमध्ये असेच जागा शोधतात. घाई केली तर आत न शिरता दारातच धातू होऊन साचतात आणि बॅटरीचं आयुष्य घटतं. म्हणून शेवटचा टप्पा सावकाश.

आता शंभर बस मध्यरात्रीच्या सुमारास परतणार, पहाटे निघणार. सगळ्यांना एकदम प्लग लावले, तर आगाराला हवेत तेच २४ मेगावॉट. माझ्या मते खरी अडचण बसमध्ये नाहीच, ती आगारात आहे. उपकेंद्र, जाड केबल, ट्रान्सफॉर्मर आणि रात्रभर कोणाला कधी प्लग लावायचा याचं वेळापत्रक. चीनच्या शेन्झेनने २०१७ पर्यंत सोळा हजारांवर बस इलेक्ट्रिक केल्या, पण सोबत चार्जरचं जाळंही उभारलं.

चालकाच्या सवयीचाही प्रश्न आहेच. क्लच नाही, गियर नाही, पाय ठेवताच पूर्ण जोर. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्यात इलेक्ट्रिक बसचा भीषण अपघात झाला, तेव्हा प्रशिक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला.

मुंबईने एकेकाळी बॅटरीचा हा पेच बाजूला ठेवून विजेवर बस चालवली होती. १९६२ साली बेस्टची ट्रॉलीबस सुरू झाली. डोक्यावर दोन दांडे, वर तारा. वीज साठवायचीच नाही, हवी तेव्हा ओढायची. १९७१ मध्ये ती बंद झाली. आज जर्मनीतल्या झोलिंगनमध्ये तिची नात धावते: तारांखाली असताना दांडे वर करून चालता चालता बॅटरी भरते, मग दांडे मिटून बिनतारेच्या गल्लीत वळते.