'फॉक्सिंग' : जुन्या कागदावरचा तांबूस डाग

दुर्मिळ ग्रंथांचा व्यापार करणाऱ्या एखाद्या इंग्रज विक्रेत्याची छापील यादी चाळू लागले असता ग्रंथाचे नाव, मुद्रणस्थळ, वर्ष, बांधणी आणि पृष्ठसंख्या हा तपशील संपल्यावर, आणि किंमत सांगण्यापूर्वी, 'फॉक्स्ड' किंवा 'फॉक्सिंग' असा एक शेरा वारंवार दृष्टीस पडतो. जुन्या कागदावर कालांतराने उमटणारे जे लालसर-तपकिरी ठिपके, कधी मोहरीएवढे तर कधी बोटाच्या पेराएवढे पसरलेले, त्यांना उद्देशून हा शब्द योजिला जातो. आणि सामान्यतः त्याची व्युत्पत्ती 'फॉक्स' या प्राण्याच्या रंगावरून लावतात. आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत 'फॉक्स' म्हणजे कोल्हा असे सर्रास शिकविले जात असले तरी त्या प्राण्याचा खरा भाऊबंद म्हणजे आपले खोकड; परंतु आपल्या माळरानावरचे खोकड करड्या रंगाचे असते, आणि युरोपातल्या त्याच्या जातभाईच्या अंगावर असते ती गंजासारखी तांबूस झाक त्याच्या अंगावर नसते. म्हणूनच या शब्दामागचे चित्र मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे सहजासहजी उभे राहत नाही.

कागदावरचा प्रत्येक डाग मात्र या संज्ञेस पात्र होत नाही. पाणी सांडून ते वाळताना ओलीच्या कडेने जी रेघ उमटते ती निराळी. लाकडाच्या लगद्यापासून केलेला हलका कागद सर्वांगाने पिवळा पडून ठिसूळ होतो तो विकार निराळा. कसरीने कुरतडलेली किंवा वाळवीने पोखरलेली पाने तर अगदीच निराळी. फॉक्सिंगचे ठिपके सुटे, विखुरलेले असतात, आणि तेथील कागदाचे बळ बहुधा फारसे खचलेले नसते. नेत्राला होणारा उपद्रव मोठा, ग्रंथाच्या देहाला होणारा त्या मानाने लहान, असे याचे स्वरूप आहे.

हे डाग का पडतात, या प्रश्नावर ग्रंथरक्षणशास्त्रात दीर्घकाळ दोन पक्ष आहेत. चिंध्यांचा लगदा कुटण्यासाठी सतराव्या शतकात हॉलंडमध्ये पोलादी पात्यांचे यंत्र प्रचारात आले. त्याच्या पात्यांचे, आणि कारखान्यातील इतर सामग्रीचे, सूक्ष्म लोहकण कागदात राहून जातात व दमट हवेत गंजतात, असे एका पक्षाचे म्हणणे. दुसरा पक्ष बुरशीला दोष देतो. जपानमधील संशोधक हिदेओ अराई यांनी असे दाखविले की, तुलनेने कमी आर्द्रतेवरही तग धरणाऱ्या काही बुरश्या कागदावर वाढताना शर्करा आणि अमिनो आम्ले मागे ठेवतात, आणि पुढे त्यांच्या परस्पर संयोगातून तपकिरी रंग उत्पन्न होतो. तव्यावर भाकरीला जे तांबूस चट्टे पडतात त्यांच्या मुळाशी असलेली रासायनिक क्रिया हीच. दोन्ही पक्षांना पुरावा मिळतो, आणि ठिपक्यांचे प्रकार एकाहून अधिक असावेत हेच मला ग्राह्य वाटते. ओल ही मात्र दोघांनाही मान्य असलेली अट आहे. तुरीनच्या राजग्रंथालयातील, लिओनार्दो दा विंचीचे आत्मचित्र म्हणून विख्यात असलेले तांबड्या खडूचे रेखाटन या व्याधीने ग्रस्त आहे. तेथे रेषेचा रंग आणि डागाचा रंग इतके जवळचे आहेत की रक्षकांचे काम दुप्पट कठीण होऊन बसते.

या शब्दाच्या व्यापारी वापराविषयी मला विशेष आदर वाटतो. परगावचा खरेदीदार ग्रंथ हाती न घेता केवळ यादीवर विसंबून पैसे पाठवितो, तेव्हा विक्रेत्याने दोषाची कबुली आधीच, आणि प्रमाणासह, द्यावी अशी तेथील वहिवाट आहे. 'स्लाइटली फॉक्स्ड' म्हणजे डाग तुरळक. 'हेविली फॉक्स्ड' म्हणजे पानोपान. डाग केवळ मुखपृष्ठाच्या आतील कोऱ्या पानांवर आहेत, की चित्रांच्या पृष्ठांवर आहेत, याचीही नोंद केली जाते, कारण चित्रांसाठी ग्रंथ घेणाऱ्याला तो फरक किमतीइतकाच महत्त्वाचा असतो. जॉन कार्टर यांचा 'एबीसी फॉर बुक कलेक्टर्स' हा 1952 साली निघालेला कोश अशाच परिभाषेचा उलगडा करतो. या शब्दाभोवती इतकी आपुलकी जमली आहे की जुन्या, विस्मृत पुस्तकांविषयी लिहिणाऱ्या, 2004 पासून लंडनहून निघणाऱ्या एका त्रैमासिकाने 'स्लाइटली फॉक्स्ड' हेच नाव धारण केले.

मुंबई आणि कोकणपट्टीत पावसाळ्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते, आणि ग्रंथांना सुमारे 50 टक्के मानवते. तेव्हा एकोणिसाव्या शतकातली आपली मराठी पुस्तके अशा ठिपक्यांनी भरलेली असावीत यात नवल नाही. आपल्याकडे जुने पुस्तक बहुधा हातात घेऊन, पाहून विकत घेतले जाते, म्हणून दोषाच्या अशा तपशीलवार परिभाषेची गरज आपल्या बाजाराला भासली नसावी. पण ग्रंथालयांनी आपल्या संग्रहाची पाहणी करताना ओलीचा डाग, कसर, पिवळेपणा आणि हे तांबूस ठिपके यांना एकाच 'खराब' या शेऱ्याखाली ढकलू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

डाग घालविण्यासाठी रंगनाशक द्रव्ये वापरण्याची रीत विसाव्या शतकाच्या मध्यास जोरात होती. पण पुष्कळदा द्रव्याचा अंश कागदात उरतो, तंतू दुर्बळ होतात आणि डाग पुन्हा डोके वर काढतात, असा अनुभव आल्यामुळे जाणते रक्षक आता हा मार्ग क्वचितच, आणि प्रयोगशाळेतच, अवलंबितात. घरगुती संग्रहाच्या मालकाने द्रव्यांच्या वाटेला जाऊच नये. कपाट बाहेरच्या ओलसर भिंतीपासून वीतभर दूर सरकवावे, पुस्तके घट्ट कोंबू नयेत, पावसाळा सरल्यावर कोरड्या दिवशी सावलीत त्यांना हवा द्यावी, आणि चित्रपृष्ठ व समोरचे पान यांच्यामध्ये आम्लविरहित पातळ कागद घालावा.