भर दुपारी पडलेला बर्फ!

फोटो काढायचे तर सकाळच्या कोवळ्या उन्हात किंवा संध्याकाळच्या सोनेरी प्रकाशात, हा सगळ्यांचा फंडा. मी मात्र गेलं वर्षभर रविवारी बरोबर बारा वाजता, डोक्यावर टोपी आणि खांद्यावर ट्रायपॉड घेऊन बाहेर पडतोय. कारण कॅमेऱ्यात असतो इन्फ्रारेड फिल्मचा रोल, आणि त्याला कडक ऊनच लागतं!

आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश दिसतो. त्यापलीकडचा अवरक्त प्रकाश ही फिल्म टिपते. हिरवी पानं तो भरपूर परत फेकतात, म्हणून ब्लॅक अँड व्हाइट फोटोत झाडं बर्फ पडल्यासारखी पांढरीशुभ्र येतात. निळं आकाश काळंभोर, त्यावर कापसासारखे ढग. १९१० मध्ये रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाने असे फोटो लोकांपुढे आणले. म्हणून हा ‘वुड इफेक्ट’.

खरी गंमत फिल्टरची. साध्या लाल फिल्टरने आकाश गडद होतं, पण पानं जेमतेम उजळतात. ‘आर७२’ लावला की ७२० नॅनोमीटरच्या अलीकडचा प्रकाश जवळजवळ बंद! काच इतकी काळी, की व्ह्यूफाइंडरमधून काहीच दिसत नाही. आधी फ्रेम आणि फोकस ठरवायचा, मग फिल्टर चढवायचा. डबीवर ४०० आयएसओ लिहिलेली फिल्म याच्यामागे १२ ची किंवा त्याहूनही स्लो होते.

या खेळातली सगळ्यात भारी फिल्म, कोडॅकची एचआयई, २००७ मध्ये बंद झाली. आता रोलाय इन्फ्रारेड ४०० आणि इलफर्ड एसएफएक्स २०० यांच्यावर भागवायचं. इलफर्डची धाव ७४० नॅनोमीटरपर्यंतच, त्यामुळे तिच्यावर परिणाम जरा सौम्य येतो.

‘‘अरे, हे तर अ‍ॅपवर एका टचमध्ये होतं!’’ ऑफिसमधला मित्र म्हणाला. होतं ना. पण अ‍ॅप फक्त हिरवा रंग बघून पांढरा करतं. फिल्मला रंगाशी देणंघेणं नाही. दुसऱ्या महायुद्धात सैन्याने अशीच फिल्म वापरून हिरव्या रंगाखाली लपवलेली ठिकाणं शोधली, कारण रंगवलेला हिरवा आणि पानाचा हिरवा तिला वेगळे दिसतात. आमच्या सोसायटीचं हिरवं गेट माझ्या फोटोत काळं आलं, शेजारची मेंदी पांढरी!

ही सोसायटी आता रिडेव्हलपमेंटला जातेय. अंगणातला जुना रेन ट्री नव्या प्लॅनमध्ये नाही. संध्याकाळी पानं मिटून घेणारं हे झाड मला भर दुपारी, पूर्ण उघडलेलं हवं होतं. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी रोलच्या शेवटच्या सहा फ्रेम्स त्याच्यावर खर्च केल्या. वेगवेगळी एक्स्पोजर्स, स्क्रीनवर बघून खात्री करायची सोय नाही. लॅबमधून निगेटिव्ह येईपर्यंत आठवडाभर जीव टांगणीला. दोन फ्रेम्स जमल्या होत्या. काळ्या आकाशाखाली अख्खं झाड उजळलेलं! तळमजल्यावरच्या काकांनी प्रिंट बराच वेळ हातात धरली. मग म्हणाले, ‘‘तीस वर्षं याच्या सावलीत स्कूटर लावली रे. एक कॉपी मला दे.’’

करून बघायचंय?
• रोल सावलीत भरा, सावलीतच काढा.
• काही ऑटोमॅटिक कॅमेरे आतून इन्फ्रारेडनेच फ्रेम मोजतात आणि फिल्म खराब करतात. जुना मॅन्युअल कॅमेरा बेस्ट!
• लेन्सवर लाल रंगाची इन्फ्रारेड खूण असेल तर फोकस तिकडे सरकवा. नसेल तर एफ/११ ठेवा.
• प्रत्येक फ्रेम कमी-जास्त एक्स्पोजरने तीनदा काढा.

मुहूर्त? ऑक्टोबर हीट! पावसाने झाडं हिरवीगार आणि ऊन कडक, असा योग आपल्याकडे तेव्हाच जुळून येतो. तुमच्या गल्लीत एखादं आवडतं झाड असेल, तर पुढच्या वर्षाची वाट बघू नका.