मनी मांजर, चित्रातला वाघ आणि आईची मोहफुलं

मी बोलतोय वडसा म्हणजेच देसाईगंजहून. ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोपं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

सध्या मी दोन गोष्टींवर वाचतोय. एक निसर्गचित्रं, आणि दुसरं मांजराचं वागणं. दुसऱ्याला कारण आमची मनी. दोन्हींचा काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं. पण निघाला.

आधी चित्र. आंरी रूसो नावाच्या फ्रेंच चित्रकाराने १८९१ साली वादळातल्या वाघाचं चित्र काढलं. गंमत म्हणजे हा माणूस कधी जंगलात गेलाच नव्हता. झाडं बघितली ती पॅरिसच्या बागेत! त्याच्या वाघाचे डोळे विस्फारलेले आणि दात बाहेर. तो शिकारीवर झेपावतोय, की विजेला घाबरलाय? लोक आजही दोन्ही बाजूंनी बोलतात.

मी उत्तर मनीकडे शोधलं. अंगणात चिमणी उतरली की मनी काय करते? पोट जमिनीला टेकवते, कान पुढे, तोंड बंद, नजर एकाच ठिकाणी. मागचा भाग जरा हलतो आणि झेप! आवाज शून्य. आणि दात कधी दिसतात? गल्लीतला कुत्रा अंगावर आला की. तेव्हा कान चपटे होतात, ती फिस्कारते. म्हणजे दात दाखवणं ही बहुतेक वेळा भीती असते, ‘लांब राहा’ असा इशारा असतो. शिकार मुकाट्याने होते.

वाघ याच कुळातला. डरकाळी मुख्यतः दूरवरच्या दुसऱ्या वाघांसाठी असते. शिकार करताना तो दबा धरतो, बहुतेकदा मागून किंवा बाजूने येतो.

आता आपल्याकडे या. वडसा म्हणजे झाडीपट्टी नाटकांचं गाव. धान निघालं की रात्रभर नाटकं. लहानपणी एका नाटकात मी जंगलाच्या पडद्यावर जबडा उघडलेला वाघ पाहिला होता. कित्येक वर्षं माझ्यासाठी वाघ म्हणजे तोच. वाटायचं, वाघ आला तर आधी ऐकू येईल.

हा गैरसमज आपल्या भागात महाग पडू शकतो. सीटी-१ आठवतो ना? गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर मिळून १३ माणसांचा बळी घेतलेला वाघ. १३ ऑक्टोबर २०२२ ला आपल्याच वडसा वनक्षेत्रात त्याला बेशुद्ध करून पकडलं.

माझी आई उन्हाळ्यात पहाटेच मोहफुलं वेचायला जाते. वेचताना माणूस वाकलेला असतो, नजर जमिनीवर. उभा माणूस वाघाला सहसा भक्ष्य वाटत नाही, पण वाकलेला माणूस लांबून चार पायांच्या जनावरासारखा दिसू शकतो. सुंदरबनात १९८०च्या दशकात लोकांनी डोक्यामागे माणसाचे मुखवटे बांधले, ते याच विचाराने: मांजरकुळातला प्राणी समोरून बघणाऱ्यावर सहसा हल्ला करत नाही.

हे सगळं मी आईला उत्साहाने सांगितलं. ती हसली. म्हणाली, “हे पुस्तकात वाचाव लागते का? आमी बोलत बोलतच जातो, घडीघडी उभ्या होतो.”

मी गप्प. तरी एक ठरवलं. यंदा तिला एकटीला पाठवायचं नाही. चार बायांचा गट, उजाडल्यावरच निघायचं, एकीने उभं राहून चौफेर बघायचं. आईने उजाडायची अट अजून मानलेली नाही, कारण उशीर झाला की फुलं दुसरे नेतात, गुरं खातात. तिचंही खरंच आहे. त्यावर आमची बोलणी सुरू आहेत.

तुमच्या घरी मांजर असेल तर आज तिचे कान बघा, आणि काय दिसलं ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. जंगलात जाणाऱ्यांनी सांभाळून जा!